विमानाची शिदोरी

झुलालआप्पांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती हलकेच वर उडवून झेलत. वांगं असो, चप्पल असो, नाहीतर पोस्टातून आलेलं पाकीट असो. एकदा शेजारणीने आपलं तान्हं पोर 'जरा धरा' म्हणून त्यांच्याकडे दिलं, तर त्यालाही त्यांनी तळहातांवर तोललं आणि म्हणाले, "जीपनी बॅटरीपेक्षा हलकं शे. खावाड त्याले." शेजारीण पोर ओढून घेऊन जी गेली, ती कितीतरी दिवस त्यांच्या दारावरून फिरकली नाही. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमाराला मी लग्न होऊन तळोद्याला आले. माझं माहेर देवगडकडचं, खाडीच्या काठावरचं. शाळा चौथीतच सुटलेली. यजमान, सदाशिव, एका लाकूड ठेकेदाराच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून आमच्या देवगडकडूनच इकडे आले आणि मग एका शेठच्या जीपवर राहिले. ती जीप तळोद्याहून सातपुड्याचा घाट चढून धडगावकडे माणसं नेई-आणी. मी स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या लोखंडी ट्रंकेला पहिला हात लावला तो आप्पांनी. जरा उचलली आणि परत खाली ठेवली.

"कोठली शे पोर तू?"

"कोकणातली."

"कोकणी? म्हनजे नवापूरनी का?"

नवापूरकडच्या डोंगरात कोकणी म्हणून लोक राहतात हे मला कुठलं ठाऊक! मी म्हटलं, "नाही, समुद्राकडची."

"तरीच ट्रंक इतली जड शे. समुद्र भरी लयनी का काय?"

सगळा स्टँड हसला आणि मला रडू फुटलं. रडता रडताच पाहिलं, तर ट्रंक आप्पांच्या खांद्यावर होती आणि ते आमच्या पुढे चालले होते. आमची भाड्याची खोली त्यांच्या दुकानाला लागूनच होती.

दुकान म्हणजे पत्र्याची पडवी. कोपऱ्यात पेट्रोलचं छोटं इंजिन, त्याला पट्ट्याने जोडलेला डायनामो आणि भिंतीलगत ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या. जीप, लॉऱ्या, एखाद्या शेठची मोटार, सगळ्यांच्या बॅटऱ्या भरायला इथेच येत. गावात अजून वीज यायची होती. तिचे खांब मात्र येऊन पडले होते, त्यांच्यावर शेळ्या उभ्या राहत. लढाईच्या काळात आप्पा लष्कराच्या कुठल्याशा विमानतळावर बॅटऱ्या भरण्याच्या कामाला होते. "विमानसले मी वीज पाजी, पन माले एकबी विमानमा कोनी बसाडं नही," असं ते सांगत. त्यांच्या सांगण्यात तक्रार नसे. आज भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तितकंच.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी भित्री बाई आहे. तेव्हा तर फारच होते. सकाळी जीप घाटाकडे गेली की मी दिवसभर त्याच दिशेला कान लावून असे. लहानपणी वडिलांची होडी बाहेर गेली की आई खाडीकडे तोंड करून भाकऱ्या थापत असे, तशी मी डोंगराकडे तोंड करून सगळी कामं करी. घाटाकडून लॉरी आली की धावत जाऊन विचारी, "आमची जीप दिसली का?" ड्रायव्हर लोकांनी माझं नावच पाडलं, 'नाका'. जंगल खात्याच्या नाक्यासारखी मी प्रत्येक गाडी अडवते म्हणून.

एक दिवस आप्पांनी पडवीतून हाक मारली. "काय मोजी ऱ्हायनी, माय?"

"काही नाही."

"मंग काळजी कसानी करी ऱ्हायनी? काळजी करानी तर मोजीसन करानी. ये आठे. जीपमा काय काय बिघडस, सांग."

मी सांगितलं. ब्रेक, टायर, दरड, वाघ.

"वाघ मन्हा दुकानमा येस नही. बॅटरी येस. तू ती देख. बाकीनं सदाशिव देखी."

आणि त्यांनी माझ्या हातात काचेची एक नळी दिली. तिच्या डोक्यावर रबरी फुगा होता. तो दाबून बॅटरीच्या तीन घरांपैकी, म्हणजे कप्प्यांपैकी, एकातलं पाणी नळीत ओढून घेतलं की आत काचेचं एक बोंडलं तरंगे. ते वर तरंगलं आणि पाण्याच्या रेषेवर हिरवा पट्टा आला तर बॅटरी भरलेली. ते खाली बसलं आणि लाल पट्टा आला तर रिकामी. मला शाळेत आकडे येत होते, पण ते कशाचे आकडे आहेत हे कधी कळलं नव्हतं. या नळीवर ते कळलं. त्या दिवसापासून जीप निघण्याआधी तिची बॅटरी मी बघायची, असा परिपाठ झाला. यजमानांना ते आवडत नसे, पण आप्पांसमोर बोलायची सोय नव्हती. हळूहळू बॅटऱ्या पुसणं, पावसाळ्यात अंगणात स्वच्छ धोतर ताणून बॅटऱ्यांसाठी पाणी धरणं, हेही माझ्याकडे आलं. माझ्या सगळ्या लुगड्यांना अॅसिडची भोकं पडली. आप्पांच्या मागे ते दुकान पुढे मीच चालवलं आणि यजमानांची दृष्टी अधू झाल्यावर आमचं घर त्याच दुकानावर चाललं. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं, की सकाळी हिरवा पट्टा पाहिला की दुपारपर्यंत धड जेवता येतं.

आप्पांचं ठाम मत होतं, की एक दिवस सगळं विजेवर चालेल. त्यांनी जुन्या लॉरीची सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करायची, मोटर एका लोटगाडीला बसवली. स्टँडवरून बॅटऱ्या आणायला. गाडी दुकानापासून स्टँडपर्यंत उताराने अशी काही सुटली, की कोंबड्या, पोरं आणि एक हवालदार बाजूला उडाले. स्टँडवर पोचली आणि तिचा जीव संपला. मग आप्पा भर उन्हात ती ढकलत चढ चढू लागले. गाडीवर स्टँडवरच्या रिकाम्या बॅटऱ्या होत्याच, त्यांत गाडीचीही एक रिकामी झालेली.

चहावाल्याने विचारलं, "आप्पा, गाडी तुमले लई जास का तुमी गाडीले?"

"जातीबखत ती माले लई गई, येतीबखत मी तिले लई उनू. संसार असाच ऱ्हास," आप्पा धापा टाकत म्हणाले. आता रस्त्यांवर बॅटरीच्या रिक्षा फिरतात. मी त्यांत बसते तेव्हा रिक्षावाल्याला उगाचच विचारते, "परत येईल ना रे?"

पण आप्पांचा जीव खरा अडकला होता तो विमानात. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, डोंगरातल्या बांबूच्या कामट्या, वर खळीने चिकटवलेला पतंगाचा कागद. पंखांची लांबी माझ्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढी. पुढे लाकडी पंखा आणि त्यामागे लष्करी भंगारातली एक इवलीशी मोटर. तेल नाही, पेट्रोल नाही, केवळ विजेवर उडणारं विमान. वस्तू तोलायची सवय त्यांना लागली ती यापायी. जे जे हलकं, ते ते विमानाला हवं होतं. मी त्यांना एकदा उसवलेल्या उशीतलं पीस नेऊन दिलं, तर ते त्यांनी विचार करून परत केलं.

आधी त्यांनी टॉर्चचे सेल विमानाच्या पोटात बसवले. विमान कोंबडीसारखं अंगणभर पळालं, पण उठेना. चार सेल काढले तर मोटर फिरेना. आप्पा उंबऱ्यावर बसून राहिले.

"बैल गावले जास तर चारा संगे लई जास," ते म्हणाले. "पन चाराच बैलइतला जड ऱ्हायना तर बैल उठी का? विमाननी शिदोरीच विमानपेक्षा जड शे."

मग त्यांनी शिदोरी जमिनीवर ठेवायचं ठरवलं. मैदानात मधोमध एक खांब, त्याच्या डोक्यावर तांब्याची कडी, कड्यांपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा. बॅटरी खाली. विमान खांबाभोवती तारांच्या टोकाला गोल गोल फिरत वर चढेल. वेग कमी-जास्त करायला तारेच्या गुंडाळीवर सरकणारी एक मूठ. हे जुळवण्यात त्यांची तीन वर्षं गेली. शेवटी शाळेच्या मैदानावर उडवायचं ठरलं. हेडमास्तरांनी हौसेने मामलेदारसाहेबांना बोलावणं धाडलं.

नेमके ते लग्नसराईचे दिवस. खेड्यांत वीज नव्हती, पण लाऊडस्पीकरशिवाय लग्न लागत नसे, आणि तो चाले गाड्यांच्या बॅटऱ्यांवर. लग्नघरी जीपची बॅटरी रात्रभर भाड्याने द्यायची आणि सकाळी तीच परत जीपला लावायची, हा आमच्याकडचा सर्रास रिवाज. आदल्या रात्री शेठने आमच्या जीपची बॅटरी तापीकाठच्या एका गुजर पाटलांच्या घरी लग्नाला दिली होती. आप्पांच्या इंजिनाचा पट्टा तुटलेला, नवा नंदुरबारहून यायचा होता. गावातल्या बाकी सगळ्या बॅटऱ्या लग्नांना गेलेल्या. भरलेली एकच उरली होती, आणि ती आप्पांनी विमानासाठी राखून ठेवली होती.

बाजाराचा दिवस होता. मीठ-रॉकेल घेऊन डोंगरातली माणसं जीपमध्ये बसलीसुद्धा होती. मी नळी लावली. बोंडलं तळाला बसलं.

"लाल आहे," मी यजमानांना म्हटलं. "तिन्ही घरांत लाल."

"इंजिन चालू झाला की डायनामो भरतलो."

"आणि येताना उतारावर इंजिन बंद करता ते?"

पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करायचं, हा शेठचा हुकूम होता. इंजिन बंद म्हणजे डायनामो बंद. मग दिवे जळणार ते निव्वळ बॅटरीवर, आणि घाटात परत येईपर्यंत अंधारून येई.

"सगळेच बंद करतत," ते म्हणाले. "गाडी मी चलवतंय की तू? माका शिकवतंस?" आणि चहा प्यायला गेले.

मी मैदानाकडे धावले. आप्पा धुतलेलं धोतर नेसून खांबाजवळ उभे होते. भोवती पोरांचा गराडा. मला पाहताच त्यांनी हात वर केला.

"आज नही, माय. आज काही सांगू नको. सदाशिवले म्हन, हळू ये."

"आप्पा, लाल आहे."

"कोन देखं?"

"मी."

"तिन्ही घर?"

"तिन्ही."

ते उकिडवे बसले आणि बॅटरीवर हात ठेवून राहिले. म्हणाले, "साहेब येवू दे. एकदाव उडू दे, मंग लई जाय."

"साहेब कधी येणार?"

"येतीलच," हेडमास्तर म्हणाले. "निघाल्याचा निरोप आहे."

तेवढ्यात स्टँडकडून आमच्या जीपचा भोंगा वाजला. घसा बसलेल्या बोकडासारखा आवाज आला आणि मध्येच विरला. पोरं हसली. आप्पा हसले नाहीत. वैद्याने नाडी ऐकावी तसा त्यांनी तो ऐकला. मग बॅटरीवरचे चिमटे काढले.

"पोरहो, विमानले आज उपास शे," ते म्हणाले आणि बॅटरी खांद्यावर घेऊन स्टँडकडे चालू लागले.

बॅटरी त्यांनी स्वतःच्या हाताने जीपमध्ये बसवली. यजमान काहीतरी बोलू गेले. आप्पांनी आवाज चढवला, तो मी तेवढा एकदाच ऐकला. "रातभर लगीनमा गाना म्हनत बठनी ती! आते तिना गळामा काय ऱ्हायनं? आन तू इंजन बंद करीसन उतरस. डायनामो काय झोपमा वीज देई? चाल, नीघ!"

मामलेदारसाहेब दुपारी आले. चहा घेतला, स्टुलावरच्या विमानाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "छान केलंय. शोभेचं आहे का?"

"हा साहेब," आप्पा म्हणाले. "आज शोभानंच शे."

जीप चांगलं अंधारल्यावर परत आली. मी ओट्यावरून उठायच्या आत विचारलं, "काय झालं?"

"काय होतला? काय नाय झाला."

"दिवे?"

"बरे होते." हात-पाय धुता धुता ते म्हणाले, "उगाच म्हाताऱ्याचा विमान बसवलंस तू."

ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. खरंच काही झालं नव्हतं. दरड नाही, खड्डा नाही, कुणी आडवं आलं नाही. माझ्या भित्रेपणापायी एका माणसाची तीन वर्षं स्टुलावर बसून राहिली. सकाळी मी पडवीत गेले आणि बोलता बोलता रडायलाच लागले. "आप्पा, काहीच झालं नाही हो."

आप्पा खळीचं भांडं घासत होते. "काहीच नही व्हयनं," त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. "अवं पोरी, हाई आयकाले लोक देवले नवस करतस. आन तू रडी ऱ्हायनी?"

पावसाळ्यात उंदरांनी खळीसाठी विमानाचे पंख खाल्ले. आप्पांनी ते पुन्हा केले. त्यांना आता खोकला लागला होता. अॅसिडच्या वाफेने म्हणा, वयाने म्हणा, छाती वाजे. थंडी पडली तेव्हा एका दुपारी ते म्हणाले, "चाल, आज उडाडू." साहेबांना बोलावलं नाही. हेडमास्तर, शाळेची पोरं, बाजूला कडुनिंबाखाली चार बायका आणि मी. जीप आदल्या दिवशी धडगावला मुक्कामी गेली होती, दुपारपर्यंत परतायची होती.

आप्पांनी चिमटे लावले. मूठ सरकवली. मोटर गुणगुणली, पंखा दिसेनासा झाला. विमान गवतावरून पळालं, एकदा उडी मारून खाली आलं, पुन्हा पळालं, आणि मग त्याची चाकं गवताला लागेनात. पोरांनी असा गिल्ला केला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. विमान आमच्या डोक्यांच्या वर होतं. त्याची सावली मैदानावरून फिरत होती आणि पोरं सावलीमागे पळत होती. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कशाचीच आठवण नव्हती.

दुसरा फेरा संपला असेल. आप्पा म्हणाले, "धर."

"मी? आप्पा, लोक बघतायत!"

"लोक विमानकडे देखी ऱ्हायनात. तुनाकडे कोन देखस? जोर कमी करू नको, जास्तीबी करू नको." मूठ माझ्या हातात देऊन ते निघून गेले.

मला वाटलं, खोकला आला असेल. माझी नजर विमानावरून हलत नव्हती. विमान माझ्या बोटांच्या हुकमात होतं. जरा सरकवलं की वर, जरा मागे घेतलं की खाली. हेडमास्तर ओरडत होते, "अहो आप्पा, इकडे बघा! विमान तुमचं आहे!" कितव्या फेऱ्याला कोण जाणे, मी मान वळवली. आप्पा मैदानाच्या फाटकाबाहेर, आमच्याकडे पाठ करून, कपाळावर हात धरून घाटाच्या रस्त्याकडे बघत उभे होते.

तेव्हा मला जीप आठवली. सूर्य कलला होता. जीप आली नव्हती. तरी मी मूठ सोडली नाही, सोडली असती तर विमान पडलं असतं. मग धूळ दिसली, आणि धुळीतून जीप. टपावरची माणसं विमानाकडे बोटं दाखवत होती. तिला पाहिलं मात्र, मी हातातली मूठ विसरले. मूठ मागे सरकली. विमान गवतावर उतरलं, कलंडलं, आणि त्याचं एक चाक मोडलं.

आप्पा यजमानांना घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं. टायर फुटला होता म्हणे, दुसरं काही नाही.

"आप्पा, तुम्ही पाहिलंच नाही!"

"दुपार कलनी व्हती, सदाशिव उना नव्हता," ते म्हणाले. मग गवतावर बसले, मोडकं चाक हातात घेतलं आणि मला समोर बसवलं. "उडनं ना? आते सांग. कसं उडनं, पहिलापासून सांग."

चाक परत बसायच्या आत त्यांनी अंथरूण धरलं. त्या दिवसांत मी तांदळाची पातळ कण्हेरी घेऊन गेले की ते एवढंच विचारत, "कसं उडनं व्हतं?" आणि मी सांगे. सांगताना कधी विमान जरा वर चढलंच, तर लगेच टोकत, "इतलं वर नही, पोरी. तार तितली लांब नव्हती." मी विमान पुन्हा तारेइतकं खाली आणी.

शेवटच्या दिवशी त्यांना बोलवत नव्हतं, डोळ्यांनीच विचारलं. मी सांगायला बसले. गवत, पहिली उडी, सावली, पोरं. सांगता सांगता विमान कडुनिंबाच्या शेंड्यावरून गेलं, शाळेच्या कौलांवरून गेलं, स्टँडवरून डोंगराकडे वळलं. मी थांबून त्यांच्याकडे पाहिलं. आप्पा ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी तारेची लांबी काढली नाही.